दीड हात लांब जीप

अन्याय झाला तो मिस्त्रीमामांवर. एकोणीसशे बासष्ट सालच्या श्रावणात, दुसऱ्या मंगळवारी, सकाळी नऊच्या सुमारास, किन्हवलीजवळच्या त्यांच्या अंगणात. मी तिथे उभा होतो. त्या अन्यायात माझाही हात आहे. तो लपवणार नाही.

मामांजवळ फूटपट्टी नव्हती, टेप नव्हती. बोट, वीत आणि हात, एवढंच माप. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत कल्याणकडे लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काम केलेला माणूस. इंच त्यांना कळत नव्हते असं नाही. "इंच साहेबाचा, वीत माझी," म्हणायचे आणि पत्र्यावर खिळ्याने रेघ मारायचे. रेघ चुकलेली मी पाहिली नाही.

लढाई संपल्यावर लिलावात निघालेली एक जीप त्यांनी घेतली. जीप कसली, सांगाडा. स्टिअरिंग डावीकडे, चाकं दोन, इंजिन अर्धं. शहापूरहून बैलांनी ओढत ती घरी आणली आणि चिंचेखाली दगडांवर ठेवली. मग वर्षानुवर्षं ती तिथेच. चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीचं तुटलेलं पान मुरबाडच्या एका लोहाराच्या भात्यावर जुळवलं. पाण्याच्या पंपाचं वायसर चांभाराकडच्या कातड्याचं कापलं. गाव हसायचं. बायका विचारायच्या, मिस्त्री, तुमच्या म्हशीला पारडू कधी होणार? मामा म्हणायचे, गाभण हाय, दम धरा.

मी सायकल दुरुस्तीच्या निमित्ताने जायचो आणि भाषण ठोकत बसायचो. मला ते 'पुढारी' म्हणत. "काय पुढारी, आज कोणाची हजामत? हात रिकामा असंल तर हा पाना धर." अंगणात आलेला कुणीही हातात काहीतरी धरल्याशिवाय परत गेला नाही. मामलेदाराच्या शिपायालाही त्यांनी एकदा तासभर ब्रेकच्या पेडलवर पाय दाबून बसवलं होतं.

ही जीप कशासाठी, असं मी एकदा विचारलं. डोंगराकडच्या वाड्यांतून आजारी माणूस शहापूरच्या दवाखान्यात न्यायचा तर बांबूला झोळी बांधून डोली करायची, चौघांनी खांद्यावर घ्यायची, आणि दिवस उगवताना निघालेलं माणूस दिवस कलताना पोचायचं. पोचलं तर. मामा बोलटावर तेल सोडत म्हणाले, "वर्कशॉपात लय जीपा नीट केल्या. सगळ्या माणसं मारायला गेल्या. एक तरी उलटी जाऊ दे."

अखेर जीप सुरू झाली. पहिला रोगी डोंगराकडच्या एका वाडीतल्या म्हातारीचा मुलगा, तापाने फणफणलेला. पुढच्या दोन सीटांच्या मधल्या फटीत पाय सरकवायचे आणि डोकं मागे ठेवायचं, अशी मामांनी फळी बसवली होती. खांदे त्या फटीत मावत नव्हते, दुसरा इलाज नव्हता. म्हातारीने ते पाहिलं आणि जीपच्या मागे आडवी उभी राहिली.

"काय रे मिस्त्री, जित्या माणसाचे पाय पुढं करतोस? तशी मढी नेतात. आमी नाय चढवणार."

मी तिला अंधश्रद्धेवर चार शब्द ऐकवायला निघालो होतो. मामांनी मला हाताने मागे सारलं. मुलाला डोलीतून नेलं, आणि मामा रिकामी जीप पहिल्या गिअरमध्ये घालून शहापूरपर्यंत डोलीच्या मागे मागे गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागचा पत्रा कापला. डोकं पुढे घ्यायचं तर पाय मागे बाहेर लटकणार, म्हणून सागाच्या पट्ट्या आणि जुन्या पत्र्याची शेपटी जोडली. दीड हात. मुलगा बरा होऊन परतला तेव्हा म्हातारीने स्वतः त्या फळीवर आडवं पडून बघितलं. "आता ठीक हाय," म्हणाली, आणि चाकाला कुंकू लावलं.

दोन पावसाळे ती जीप चालली. रोग्याचं डोकं मामांच्या पाठीशी असायचं. ते वाटभर त्याला काहीबाही विचारत राहायचे आणि उत्तर यायचं थांबलं की जोरात हाकायचे.

आता माझा गुन्हा. मी पत्रक काढलं. शहापूरच्या मामलेदार कचेरीतल्या एका साहेबाची सरकारी जीप बाजाराला जाते आणि आमचा मिस्त्री मोडकी जीप दीड हात लांब करून गरिबाचे प्राण वाचवतो, असं ठळक टाइपात छापलं. मापासकट. शहापूर-मुरबाडच्या एसटी स्टँडवर स्वतः वाटलं. मला वाटलं, साहेब लाजेल.

साहेब लाजला नाही. श्रावणातल्या त्या मंगळवारी तो हवालदार, टेप आणि माझं पत्रक घेऊन अंगणात आला. 'दीड हात' या शब्दांखाली लाल पेन्सिलीची रेघ होती. नोंदणीच्या कागदावरची गाडी आखूड, ही लांब, परवानगी कुठे आहे? मामांनी शांतपणे सांगितलं की पाय मावत नाहीत.

"पाय दुमडून झोपता येतं माणसाला," साहेब म्हणाला.

मी ओरडू लागलो. कायदा, लोकशाही, सगळं. मामा म्हणाले, "गप, पुढारी. तुज्या कागदातलं तेवढंच वाचलं त्यांनी." डावीकडचं स्टिअरिंग हवालदाराला जमेना, म्हणून मामांनीच आपली जीप जप्तीला शहापूरपर्यंत चालवत नेली. परत पायी आले.

भाद्रपदात त्या म्हातारीची सून अडली. डोली ओढ्याशी आली, पाणी चढलेलं होतं, उतरेपर्यंत थांबावं लागलं. तिथेच, काठावर, ती आणि पोटातलं मूल दोन्ही गेली. मामा डोलीबरोबर होते. त्यानंतर त्यांनी हत्यारं त्या लोहाराला देऊन टाकली आणि दिवाळीआधी गाव सोडलं. मी एसटीपर्यंत गेलो. माफी मागायची होती, पण माझ्या तोंडून पुन्हा अर्ज, मोर्चा, निवेदन हेच निघालं. ते ऐकून घेत होते. गाडीत चढताना म्हणाले, "माझ्यासाठी भांडू नको रे. मी काय, कुठंपन पाना फिरवीन. वाडीला गाडी दे."

माघात कल्याणहून कुणीतरी निरोप आणला, मिस्त्रीमामा गेले. कसे, ते त्यालाही धड सांगता आलं नाही.

जीप कचेरीमागे उभी आहे. टायर बसलेत, ताडपत्री कुणी काढून नेली, इंजिन अजून शाबूत आहे. मी पाहून आलो. पावसाळा तोंडावर आला आहे आणि वाडीत तीन बाया गरोदर आहेत. हे वाचून तुम्ही हळहळणार असाल तर हळहळू नका, त्याने कुणी दवाखान्यात पोचत नाही. येत्या सोमवारी अकरा वाजता कचेरीच्या दारात या. ती जीप वाडीच्या ताब्यात मिळेपर्यंत तिथून हलू नका.