लिंबराजभाऊंची गिऱ्हाइकं

लिंबराजभाऊ सकाळी ऑफिसात आले की डबा खिडकीत ठेवायचे, धोतरासारख्या मोठ्या रुमालानं चष्मा पुसायचे आणि आज आपण कोण आहोत ते जाहीर करायचे. "आज म्या पिंट्या हाय," असं ते म्हणाले की आम्ही समजायचो, आमच्या खेळाचं आज काही खरं नाही. पिंट्या म्हणजे सगळी बटणं एकदम बडवणारा. "आज म्या देशमुखाचा थोरला," म्हणाले तर दिवसभर आदळआपट. हा थोरला हरायला लागला की खेळ मध्येच बंद करायचा आणि मी हरलोच नाही म्हणून भांडायचा. कधी भाऊ डॉक्टरांची मुलगी व्हायचे. ही मुलगी खेळात कुणाच्या वाटेला जायची नाही. पुढं जायचं सोडून कडेकडेनं फिरत झाडं नि ढग बघायची. पिकल्या मिशांचा, पन्नाशी उलटलेला माणूस "आज म्या डॉक्टरची पोरगी हाय" असं गंभीर चेहऱ्यानं सांगून खुर्चीत मांडी घालून बसला की नवीन आलेला माणूस आमच्याकडं बघायचा. आम्ही मान डोलवायचो. भाऊंचं काम सुरू झालेलं असायचं.

ही सगळी माणसं खरी होती. कळंबच्या एसटी स्टँडजवळ भाऊंचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. नाणं टाकलं की चालू होणारी लाकडी कपाटाएवढी मशीनं, समोर पोरांची रांग आणि कोपऱ्यात स्टुलावर भाऊ. पोरं पडद्याकडं बघायची, भाऊ पोरांकडं बघायचे. कोण कसा खेळतो, कोण कधी चिडतो, कोण हरताना डोळे मिटतो, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. पुढं घरोघरी मोबाइल आले आणि दुकानात माश्या फिरायला लागल्या. मशीनं एकेक करून भंगारात गेली. घर कमलवहिनींच्या शिलाई मशीनवर चाललं. "एक मशीन बसलं, दुसरं उठलं," असं भाऊ हसत सांगायचे.

आमची गाठ पडली तीही त्यातलं उरलेलं शेवटचं मशीन विकण्यापायी. विक्रम आणि मी पुण्यातल्या नोकऱ्या सोडून गावी आलो होतो आणि आडत दुकानाच्या वरच्या मजल्यावर आम्ही गेम बनवायची छोटी कंपनी काढली होती. खाली सोयाबीनचा लिलाव, वर आम्ही. कोड मी लिहायचे, बाकी सगळं विक्रम बघायचा. एक दिवस भाऊ जिना चढून आले आणि दारातूनच म्हणाले, "तुमी गेमा करायलात म्हणं. एक मशीन हाय, शोभंला ठिवा."

मशीन आमच्या जिन्यातून वर येणं शक्य नव्हतं. पण विक्रम लहानपणी त्याच दुकानात पडीक असायचा, त्यामुळं चहा झाला. टेबलावर आमचा अर्धवट झालेला खेळ चालू होता. गोदा नावाची मुलगी मेंढरांचा कळप घेऊन डोंगर ओलांडते आणि सूर्य मावळायच्या आत सगळ्यांना पाण्यावर पोचवते, असा तो खेळ. डाव्या अंगठ्यानं गोदाला चालवायचं, उजव्यानं शीळ घालून मेंढरं बोलवायची.

"हात लावू का?" भाऊंनी विचारलं.

चहा निवायच्या आत त्यांनी गोदाला एका दगडावर चढवलं, तिथून मागं मागं चालवलं आणि गोदा जमिनीतून आरपार खाली गेली. पडद्यावर नुसतं निळं आभाळ राहिलं.

"आवो ताई," ते घाबरून मला म्हणाले, "पोरगी गेली की वो!"

"पण तुम्ही तिला उलटं का चालवलं?"

"म्या कुठं चालवलं? पिंट्यानं चालवलं."

खेळ बाजारात जाण्याआधी तो तऱ्हेतऱ्हेनं खेळून त्यातल्या चुका काढणं हे टेस्टरचं काम. विक्रमनं तिथल्या तिथं त्यांना ते देऊ केलं. भाऊंना वाटलं चेष्टा चाललीय. दुसऱ्या दिवशी मात्र ते इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले.

चूक सापडली की ती कशी घडली ते नीट लिहून द्यायचं असतं. भाऊंनी ते काम मनापासून केलं, पण आपल्या पद्धतीनं. "पूल वलांडताना मेंढरू हवेत चालतं. देव झालं काय?" किंवा "शीळ घातली तर मेंढरं येतात, गोदाच पळून जाती. भांडण मिटवा." मी एकदा म्हटलं, भाऊ, जरा कमी शब्दांत लिहा. तर दुसऱ्या दिवशी कागदावर एवढंच, "नदी. वाईट." मी हात जोडले, म्हटलं, पहिलंच बरं होतं.

आपल्या कामाचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवत नसत. खाली आडतीवर कुणी विचारलं, की काय करता वर, तर छाती काढून सांगायचे, "ही पोरं दिवसभर बांधतेत, म्या पाडतो. पाडून बघितल्याबगर कशाला बी मजबूत म्हणू न्हाय."

ते नेहमी बरोबर असायचे असंही नाही. खेळ अवघड पाहिजे, यावर ते अडून बसले होते. "दर घडीला माणूस मेला पाहिजे. त्याशिवाय मजा न्हाय." प्रत्येक डोंगरावर लांडगे वाढवा, दरी रुंद करा, असं टुमणं रोज चालू. शेवटी मी विचारलं, "भाऊ, तुमच्या दुकानात पोरगं मेलं की काय करायचं?"

"दुसरं नाणं टाकायचं."

"आणि आमच्या खेळात मेलं की?"

भाऊ विचारात पडले. "हितं तर नाणंच न्हाय," ते मिशीला हात लावून म्हणाले. मग एकाएकी खो खो हसत सुटले. "आयला! म्हंजी सारी उमर म्या पोरं मारायचा धंदा केला म्हणायचा!" त्या दिवसापासून लांडग्यांचा विषय त्यांनी काढला नाही. उलट घरी जाऊन कमलवहिनींनाही ते सांगितलं. वहिनींनी म्हणे शिलाई न थांबवता उत्तर दिलं, "मला लगीन झाल्यापासनं ठाव हाय."

आमचा खेळ हैदराबादची एक कंपनी बाजारात आणणार होती. दिवाळीआधी तो त्यांच्या हाती द्यायचं ठरलं होतं. वेळ चुकली तर त्यांनी दुसऱ्याचा खेळ घेतला असता आणि आम्हाला पुण्याची वाट धरावी लागली असती. शेवटच्या तपासणीला भाऊ बसले. आम्ही पेढे आणून ठेवले होते.

"आज कोण?" विक्रमनं विचारलं.

"आज म्या तेरखेड्याचा शंकर."

हे नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं. भाऊंनी उजवा हात पाठीमागं घेतला, फोन डाव्या तळव्यात धरला आणि खेळायला लागले. डाव्या अंगठ्यानं गोदा चालत होती. शिळेचं बटण मात्र पार दुसऱ्या टोकाला. अंगठा तिथवर पोचेना. एकेक मेंढरू मागं राहत गेलं. सूर्य मावळला. भाऊंनी फोन टेबलावर ठेवला.

"हा खेळ पास न्हाय," ते म्हणाले.

शंकर शाळेत असताना दिवाळीत न वाजलेला फटाका बघायला गेला आणि तो हातात फुटला. उजव्या हाताची बोटं गेली. कळंबला शिकायला होता तेव्हा भाऊंच्या दुकानात यायचा आणि नुसता मागं उभा राहून बघायचा. भाऊंनी एका मशीनच्या बटणाला लाकडी दांडी बांधून दिली, म्हणजे ती कोपरानं दाबता येईल. "मग त्यानं सगळ्यांना असं हाणलं," भाऊ म्हणाले, "की पिंट्या रडत घरला गेला."

विक्रमचा चेहरा उतरला. "भाऊ, तुमचं बरोबर आहे. पण आता? बटणं बदलायची म्हणजे सगळा खेळ उसवायचा. नंतर करू की."

"नंतर कोण करतंय? दुकानात गर्दी झाली की मागं उभारलेला दिसत न्हाय, मालक."

ते त्याला विक्रम म्हणायचे. मालक म्हणाले म्हणजे रागावले होते. विक्रमही तापला. म्हणाला, एका माणसासाठी सगळ्यांची पोटं पणाला लावू का? भाऊ शांतपणे म्हणाले, "तसं असंल तर त्याला एकदा तोंडावर सांगून येऊ. चला."

विक्रमच्या गाडीतून आम्ही तिघं येरमाळ्यावरून तेरखेड्याला गेलो. शंकरची पिठाची गिरणी होती. मिशांवर, भुवयांवर पीठ बसलेला उंचापुरा माणूस भाऊंना बघताच गिरणी बंद करून पुढं आला आणि पाया पडला. भाऊंनी काही न सांगता फोन त्याच्या हातात दिला. "खेळ."

दळण घेऊन आलेल्या बाया डबे खाली ठेवून बघायला लागल्या. शंकरनं गोदा चालवली. शीळ घालायची वेळ आली तेव्हा थोडा घोटाळला, मग वाकून नाकानं बटण दाबलं. शीळ वाजली! पण नाक पडद्याला लावलेल्या माणसाला पुढचं काय दिसणार? गोदा थेट नदीत गेली आणि तिच्यामागं निम्मा कळप. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. शंकरही पोट धरून हसला. पडद्यावर त्याच्या नाकाचं पीठ लागलं होतं, ते त्यानं शर्टाला पुसलं.

"बेस हाय भाऊ खेळ," तो म्हणाला. "लई देखणा. तवा तुमी दांडी बांधून दिली होती. ह्याला कुठं बांधायची?"

त्यानं ते कौतुकानंच विचारलं होतं. तक्रार म्हणून नाही. विक्रम फोन हातात घेऊन उभा राहिला.

परतताना येरमाळ्याच्या चौकात त्यानं गाडी कडेला घेतली आणि हैदराबादला फोन लावला. तिकडच्या बाई हिंदीतून फाडफाड बोलत होत्या. वेळ वाढवून मिळणार नाही, शिवाय एका हातानं खेळणारे असे असतील तरी किती? विक्रम "मॅडम, मॅडम" करत राहिला. मागच्या सीटवरून भाऊंनी हात पुढं करून फोन घेतला आणि आपल्या दखनी हिंदीत सुरू झाले.

"म्याडम, सलाम. आदमी को हात दो रहते, मगर दोनों हात खाली किसके रहते, बोलो? अब्बी तुमारा दूसरा हात क्या कर रा?"

पलीकडं बाई हसल्या. त्यांच्या दुसऱ्या हातात म्हणे पोळी-भाजीचा घास होता. दिवाळीनंतरचा पंधरवडा आम्हाला मिळाला.

तो पंधरवडा मला चांगला आठवतो. अंगठा टेकवून सरकवला की गोदा चालेल आणि त्याच अंगठ्यानं नुसती टिचकी मारली की शीळ वाजेल, असं मी केलं. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात गोदा चालता चालता शिळा घालत सुटली आणि मेंढरांना वेड लागायची पाळी आली. भाऊ रोज नवं गिऱ्हाईक होऊन बसायचे आणि रोज काहीतरी पाडायचे. मी दात-ओठ खायचे. एके दिवशी शंकर होऊन बसले, पाण्यापर्यंत गेले, परत पहिल्यापासून गेले आणि उठून स्वतःच्या हातानं सगळ्यांना पेढे वाटले.

खेळ बाजारात गेला. लोकांना आवडला. आम्हाला कळंब सोडावं लागलं नाही. एका हाताच्या सोयीबद्दल मात्र ज्यांचा आम्ही विचारही केला नव्हता अशा माणसांची पत्रं आली. बाळाला मांडीवर घेऊन पाजणारी आई, बसमध्ये दांडीला धरून उभा राहणारा कारकून, हात प्लास्टरमध्ये असलेली कबड्डीची खेळाडू. भाऊ प्रत्येक पत्र मोठ्यानं वाचायला लावायचे. शंकरचा फोन आला तेव्हा त्यांनी तो स्पीकरवर टाकला. "भाऊ, शेवटचा डोंगर लई सोपा केलाय वो," शंकर म्हणाला. "बारक्या लेकरांसाठी काढलाय का?" भाऊंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू लांडग्यांबद्दलच्या जुन्या वादात शेवटी तेच बरोबर ठरले होते.

गेल्या वर्षी त्यांच्या लेकीला जुळं झालं आणि भाऊ-वहिनींनी लातूरला लेकीकडं राहायला जायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी भाऊ कमलवहिनींना घेऊन आले. वहिनींनी भाऊंच्या गेमच्या दुकानात कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि नवऱ्याचा हा खेळही बघितला नव्हता. मी फोन त्यांच्या हातात दिला. आढेवेढे घेत त्या बसल्या.

भाऊ मागं उभे राहिले. काही सांगायचं नाही, हा टेस्टरचा नियम. मिशी चावत ते बघत होते.

"आता काय करू?" वहिनींनी विचारलं.

"तुला वाटंल ते."

शिवणकामाच्या बोटांनी वहिनी चांगल्या चालल्या होत्या. पाणी समोर दिसायला लागलं. तेवढ्यात त्या थांबल्या आणि गोदाला मागं वळवलं. एक मेंढरू पार पहिल्या टेकडीपाशी राहिलं होतं. एखाददुसरं राहिलं तरी खेळ जिंकता येतो. सगळे तसंच करतात. वहिनी मात्र उरलेला कळप घेऊन तेवढी सगळी वाट मागं गेल्या, त्याला शीळ घातली आणि घेऊन आल्या. पाण्यापाशी पोचेपर्यंत सूर्य केव्हाच मावळला होता. पडद्यावर आलं, डाव हरला.

"हारलीस," भाऊ म्हणाले.

"हारली तर हारली. मेंढरू आलं न्हवं?"

भाऊ चष्मा काढून पुसत मला म्हणाले, "ताई, हे असं कुणी करंल हे म्या कंदी बघितलंच न्हाय. चूक हिची न्हाय, खेळाची हाय. दुरुस्त करा."

मी ती दुरुस्त केली. आता जो कुणी मागं फिरतो, त्याच्यासाठी पाण्यावर चांदणं उजळतं आणि सगळा कळप तिथं पाणी पितो.

पण ते नंतर. त्या दुपारी लातूरच्या गाडीची वेळ झाली होती. दोघं जिना उतरायला लागले. खाली लिलावाचा गलबला चालला होता, तरी त्यातून वहिनींचा आवाज वर ऐकू येत होता.

"त्या मेंढराचं नाव काय वो?"

"नाव न्हाय ठिवलं."

"असं कसं? एवढी शिकलेली माणसं तुमी. परत हरवलं तर हाक काय म्हणून मारायची?"

आणि भाऊंचं ते खो खो हसणं, पार रस्त्यापर्यंत.