वरवंट्यापाशी अठ्ठावीस दिवस

नोव्हेंबरची एकोणीस तारीख, बुधवार. मशीनवर कुंची होती. एका गिऱ्हाइकाच्या कामातून उरलेलं पिवळं फ्लॅनेल घरात पडून होतं आणि दुपारी तासभर मोकळा मिळाला, म्हणून शिवायला घेतली. सुरुवात एवढीच आहे.

मी कुंडलला राहते, ब्लाऊज शिवते, वय बावन्न. या सदरातले अनुभव मी काजं करता करता वाचते आणि बहुतेक वेळा मनात म्हणते — बाई, रात्रीचं जेवण जरा कमी करा. अमावस्या, उतारा, नजर... यातलं मी काहीच मानलेलं नाही. चौकात कुणी उतरून टाकलेलं लिंबू चांगलं दिसलं तर उचलून आणून, धुऊन त्याचं सरबत करणारी मी. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही हसलात तर मला राग येणार नाही.

घरात दोन मांजरं. गंप्या आणि सुंद्री. दोघांचीही डोकी फिरलेली. गंप्याला दोऱ्याची रिळं लागतात, तीही फक्त लाल. पळवतो आणि देवघराच्या मागे नेऊन ठेवतो. मागच्या दिवाळीला तिथून अकरा रिळं निघाली. सुंद्रीचं वैर मिक्सरच्या झाकणाशी. ओट्यावर झाकण दिसलं की पंजाने ढकलत ढकलत कडेला आणायचं, माझ्याकडे एकदा बघायचं, मग पाडायचं. आमचे हे सैन्यातून रिटायर होऊन आले आहेत. ते म्हणतात, "पलटणीत असली दोन माणसं असती तर दोघांना रोज पाठीवर ओझ्याचा पिठ्ठू लावून पळवलं असतं." पण दूध आधी त्यांच्याच ताटलीतून या दोघांना जातं.

तर कुंची. माझी मुलगी स्वप्नाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना सरत आला होता, तारीख जानेवारीच्या शेवटची. तेव्हा लग्नसराईचे ब्लाऊज असतात, मला श्वास घ्यायला वेळ नसतो, म्हणून आत्ताच उरकत होते. माप बघायला घरात लहान डोकं नव्हतं. मागच्या पडवीत मोरीशेजारी आमचा पाटा-वरवंटा आहे. वरवंटा पाट्यावर उभा केला आणि त्याला कुंची घातली. अगदी बसली. मागे सरून बघितलं तर खरोखर कुणी तान्हं बसवल्यासारखं दिसत होतं.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, कमरेत वाकलेल्या, पण नजर पक्की. त्या दारात येऊन थांबल्या.

"काय करतीस गं?"

"माप बघतेय."

"आगं, पोर यायच्या आदी कुणी शिवतं व्हय? आन वरवंट्याला घातलीस? ते बारशादिवशी असतंय."

बारशाला वरवंट्याला नटवून पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात, मग बाळाला पाळण्यात घालतात, हे मलाही माहीत होतं. मी म्हणाले, "आत्ती, दगडच आहे तो. जानेवारीत कोण शिवणार, तुम्ही?"

"उसव ती."

"उसवते नंतर."

तेवढ्यात पुढच्या दाराशी एक गिऱ्हाईक आलं. त्यांची फिटिंग, त्यांच्या तक्रारी, त्यांच्या जावेच्या तक्रारी... पाऊण तास गेला. परत पडवीत आले तर कुंची खाली पडलेली, वरवंटा पाट्यावर आडवा, आणि सुंद्री त्याच्याभोवती कमान करून झोपलेली. पोट दगडाला लावून. पिल्लं पाजताना मांजरी झोपते तशी.

मला वाटलं, चला, नवीन खूळ. मिक्सरचं झाकण तरी वाचेल.

पण खूळ दोन दिवसांत उतरलं नाही. ती उठायचीच नाही. नोव्हेंबरात आमची पडवी पहाटे बर्फासारखी असते, पाटा त्याहून गार, आणि ही तिथे. दिवसातून एक-दोनदा घाईघाईने जाऊन यायची आणि पुन्हा वेटोळं. तिसऱ्या दिवशी चटणी वाटायला मी वरवंट्याला हात लावला तर तिने मनगटावर तीन ओरखडे काढले. सुंद्रीने त्याआधी कुणाला नख लावलेलं नव्हतं. मी हळद लावली आणि चटणी मिक्सरला फिरवली.

चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, स्वप्नालीचे पाय सुजले, डोकं दुखायला लागलं. पलूसच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि सरळ सांगलीला न्यायला सांगितलं. दुपारी सिझर झालं. मुलगी. वजन सव्वा किलो. मला दाखवली तेव्हा तिचा हात माझ्या अंगठ्याएवढा होता, म्हणजे अंगठ्याएवढाच, वाढवून सांगत नाही.

बाळाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, गोड बोलायच्या नाहीत, मला ते बरं वाटलं. म्हणाल्या, "श्वास घेतेय. पण स्वतःची ऊब तिला धरता येत नाही. अंग गार पडलं की बाकी सगळं बिघडतं. पेटीत ठेवतोय. पहिले काही आठवडे काहीच सांगता येणार नाही."

जावई सैन्यात, तेव्हा पार अरुणाचलात. आमचे हे ऊसतोडीत अडकलेले. तोड आली की शेत सोडता येत नाही. त्यामुळे सांगली-कुंडल ये-जा माझी. काचेच्या पेटीतल्या नातीकडे बघत मी उभी राहायचे आणि डोक्यात एकच — ती कुंची. मी मानत नव्हते. पण न मानणं आणि डोक्यातून जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या आठवड्यात कळलं. आत्ती एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी भांडले तरी असते.

बाळ आठ दिवसांचं झालं त्या सोमवारी सकाळी कपडे घ्यायला घरी आले. आत्ती शेजारी गेल्या होत्या. पडवीत सुंद्री तशीच. पाठीचं हाड वर आलेलं, डोळे चिकटलेले. मला संताप आला. तिकडे एक जीव टांगलेला, इकडे ही दगडाला धरून मरायला बसलेली. गोणपाटात धरून तिला उचललं, बाथरूममध्ये कोंडलं. ती आतून ओरडायला लागली. तो आवाज मांजरीचा होता, पण त्याआधी मी तिच्या तोंडून ऐकलेला नव्हता.

मग वरवंटा उचलला. आणि हातातच थांबला.

तो ऊबदार होता. वरून मांजर बसलेली, म्हणून वरची बाजू ऊबदार असती तर मी समजू शकते. पण खालची, पाट्याला टेकलेली बाजू तशीच होती. दोन्ही टोकं तशीच. तापलेला नव्हता — नुकतंच झोपेतून उचललेल्या मुलाचं पोट लागतं ना हाताला, तसा. पाट्याला हात लावला. पाटा गार. ऊन पडवीत दुपारी तीननंतर येतं. चूल तिथे नाही, गिझर दुसऱ्या भिंतीला.

आमच्याकडे नळाला अकरा वाजता पाणी येतं. त्याच वेळी आलं. बादली भरायला लागली आणि मी — दुसरं काय करणार — सगळा मांजरीच्या केसांनी माखलेला म्हणून वरवंटा त्या बादलीत सोडला.

पाच मिनिटं झाली असतील, फार तर सात. स्वप्नालीचा फोन.

"आई, बाळाचं अंग गार पडलंय. सगळे धावतायत. मला बाहेर काढलं. आई, तू लगेच ये."

मी फोन कानाला धरून उभी. आत्ती मागच्या दाराने आल्या. बादलीत बघितलं, बाथरूमचा आवाज ऐकला. वाकून दोन्ही हातांनी वरवंटा काढला — पाच किलोचा तरी असेल — पदराने पुसला, खाली बसल्या, मांडीत घेतला आणि वरून पदर ओढला.

"तिला सोड," म्हणाल्या.

मी दार उघडलं. सुंद्री धावत आली आणि पदराखाली शिरली.

मी आत्तींकडे बघत राहिले. त्यांची ती बसण्याची पद्धत पहिल्यांदाची नव्हती.

"तुम्ही रोज..."

"ती जेवून येस्तवर धरते. तिला बी हागाया-मुताया जावं लागतंय का न्हाई. दुपारचं जरा जास्ती धरते, झोपती बिचारी." आणि लगेच, "तू काय इचारू नगंस. मला बी ठावं न्हाई."

"मला सांगायचं तरी."

"तू काय म्हनली असतीस? दगडच हाय, म्हनली असतीस."

अर्ध्या तासाने पुन्हा फोन आला. बाळ सावरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी संध्याकाळी मला नीट समजावलं: आठवड्याने पेटी धुवायची असते, म्हणून बाळाला दुसऱ्या पेटीत हलवलं, ती पेटी पुरेशी तापलेली नव्हती, लक्षात आलं, लगेच सुधारलं. त्यांनी लपवलं नाही. मला कारण पटलं. आजही पटतं. बाळ का गारठलं याचं उत्तर माझ्याकडे आहे. दगड ऊबदार का होता याचं नाही, आणि दगड पाण्यात पडणं आणि बाळ गारठणं, दोन्ही अकरा ते सव्वाअकराच्या मध्ये का झालं याचं तर नाहीच.

तुमच्यातले हुशार लोक विचारतील, म्हणून आधीच सांगते. घरात तापाचा थर्मामीटर आहे. पुढच्या खेपेला घरी आले तेव्हा तो हातात घेऊन मी पडवीत गेले होते. पेटीवर बाळाच्या अंगाचा आकडा दिसतो, सकाळचा मला पाठ होता. थर्मामीटर दगडाला लावायचा, आकडा वाचायचा, एका मिनिटाचं काम. मी खाली बसले. सुंद्रीने एक डोळा उघडला. मी थर्मामीटर डबीत घालून कपाटात ठेवला.

घाबरले का? असेन. आकडा जुळला नसता तर आत्तींच्या मांडीतून मी तो दगड ओढून घेतला असता, आणि जुळला असता तर... तर मग सांगलीला जायची माझी हिंमत राहिली नसती, तिथेच पडवीत बसून राहिले असते. आणि स्वप्नालीला मी तिकडे हवी होते. दूध काढायला बसली की ती रडायची, कुणीतरी दटावणारं लागायचं. म्हणून मी माझं काम केलं आणि त्या दोघींनी त्यांचं.

बाळ थेंबाथेंबाने वाढत होतं. एक दिवस वीस ग्रॅम वर, दुसऱ्या दिवशी दहा खाली. जावई येऊन काचेला हात लावून परत ड्यूटीवर गेले. असं डिसेंबरच्या सतरा तारखेपर्यंत.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला मी हॉस्पिटलच्या जिन्यात होते, हातात डबा. फोन वाजला. आत्तींना फोन लावता येत नाही, आमच्या ह्यांनी लावून दिला होता.

"सुंद्री उठली गं," आत्ती म्हणाल्या.

"म्हणजे?"

"उठली. आळोखेपिळोखे दिले आन गेली सैपाकघरात. मागं बघितलं बी न्हाई. दगड गार पडलाय. मी धरला हुता, धरून बी गारच." आवाज अगदी बारीक झाला होता. "पोरगी कशी हाय?"

जिना दोन मजल्यांचा आहे. मांजर उठली याचा अर्थ दोनच होऊ शकत होते, आणि कुठला ते विचारायला जिन्यात कुणी नव्हतं. मी फोन चालूच ठेवून चढले. डबा कुठे ठेवला आठवत नाही, नंतर तो शिपायाने आणून दिला.

आत पेटी रिकामी होती. झाकण उघडं, चादर काढलेली.

"आई, इकडे," स्वप्नाली म्हणाली.

ती कोपऱ्यातल्या खुर्चीत मागे रेलून बसली होती. गाऊनच्या आत छातीवर काहीतरी बांधलेलं, वरून फक्त एक काळं डोकं. नर्स हसत म्हणाली, "आजी, आता पेटीची गरज नाही. आजपासून ही आईच्या अंगावर. स्वतःची ऊब स्वतः धरतेय बघा, दहा वाजल्यापासून."

फोन अजून चालू होता. मी त्यात एवढंच म्हणाले, "आत्ती, चांगली आहे." पलीकडून ह्यांचा आवाज आला, "आई रडतीय. काय झालं? मला कुणी सांगाल का?"

मी बराच विचार केला आहे. मांजरांना आपल्याआधी वास, आवाज कळतात म्हणतात. मान्य. पण चाळीस किलोमीटरवरचं? मांजरीच्या अंगाने दगड तापला, म्हातारीच्या मांडीने टिकला — चला, तेही अर्धं मान्य. राहिलेल्या अर्ध्याचं काय करायचं ते मला ठाऊक नाही. मी अजून उताऱ्याच्या लिंबाचं सरबत करते. फक्त कुणी काही सांगायला लागलं की पूर्वीसारखी मध्येच तोडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अठरा तारखेला, पहिल्या एसटीने घरी आले. सुंद्रीला झाकणाच्या टोपलीत घातलं आणि पलूसला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला काट्यावर ठेवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ताई, निम्मी झालीय की ही. काय झालं हिला?"

"बाळंतपण," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्या पोटावरचा जुना टाका दाखवला. "आवं, हिचं ऑपरेशन मीच केलंय, दोन वर्सं झाली. हिला कुठलं बाळंतपण?"

"ते माहीत आहे," मी म्हणाले. "बाळंतिणीला देता तसलं ताकदीचं काहीतरी लिहून द्या. मला सांगलीची दहाची गाडी गाठायची आहे."