सहा हातांचा दोर

अस्वानच्या पैलतीरावर शीड शिवावं तर उस्ता बशरीनं, असं नाईलवरचे नावाडी म्हणत. म्हातारा तोंडाचा फटकळ, पण हातात कसब होतं. कापडाला कात्री लावण्याआधी तो तीन कडांचे तीन दोर अंगणात पसरायचा, टोकं खुंट्यांना बांधायचा आणि मध्ये वाऱ्याला जागा उरते का ते बघायचा.

नव्या माणसाची परीक्षाही तिथंच. एक दोर चौदा हात, दुसरा आठ, मग तिसरा किती? बहुतेक जण म्हणत, सहा. बशरी मुकाट्यानं सहाचा दोर द्यायचा आणि मजा बघत बसायचा. आठ आणि सहा मिळून चौदाच्या अंगालाच चिकटून पडत, मध्ये बोटभरही फट नाही. सहाहून थोडा तरी जास्त हवा आणि बावीसच्या आत, हे पहिल्या झटक्यात सांगणारी एकच निघाली. ती त्याची लेक नगात.

हल्ली बापाला सकाळचं दुपारी आठवत नसे. शिडं नगातच शिवायची, नाव मात्र बापाचं. ही गोष्ट तिनं कुणाला कळू दिली नव्हती.

त्या दिवशी घाटावरच्या नावाड्यांचा म्होरक्या, रईस शाज़ली, नव्या नावेच्या शिडासाठी आला. उस्ताच्या मागं काम नगातला द्यायचं का, हेही त्याला बघायचं होतं. त्यानं मान डोलावली की सगळा घाट मान डोलावणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दोर बशरीनं आत जाऊन स्वतः कापून आणले. चौदा, आठ, सहा.

शाज़ली हसला. "काय उस्ता, या वयात माझी परीक्षा घेता होय?"

बशरी हसला नाही. गुडघ्यांवर बसून तो दोर ओढत राहिला. "आटलाय मेला," तो पुटपुटला आणि त्याची हनुवटी थरथरायला लागली. शाज़लीचं हसू विरलं. तो म्हाताऱ्याकडे निरखून बघू लागला. नगात पुढं झाली.

"तो दोर मी कापला, बाबा," ती म्हणाली. "माझं चुकलं."

तिनं दहा हातांचा दोर आणून बांधला. तिन्ही कडा उघडल्या. बशरीच्या जिवात जीव आला आणि मग त्यानं लेकीला असं फैलावर घेतलं की बोलायची सोय नाही. शेवटी पाहुण्याकडे वळून म्हणाला, "माझ्यामागं हिच्या भरवशावर राहू नकोस रे. हिला साधं एवढं कळत नाही."

शाज़लीनं तिच्याकडे पाहिलं. ती खाली वाकून खुंटी ठोकत राहिली.

चहा संपवून तो उठला. दारापाशी नगातला हळूच म्हणाला, "इस्ना गावात एक शिडवाला आहे म्हणतात."

"आहे," नगात म्हणाली. "चांगला शिवतो."