ओवीवाचून फिरणारं जातं

कसं सांगू तुम्हाला, वर्गात हजेरी द्यायलासुद्धा माझं तोंड उघडत नाही. आणि उघडलं, ते नेमकं नको त्या माणसासमोर!

माझे चुलते महादूकाका आमच्या शेजारीच राहतात. जालन्याच्या जिनिंगच्या कारखान्यात पट्ट्यात सापडून त्यांचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला. तेव्हापासून कारखान्याचे मुनीमजी महिन्याला आमच्या बदनापूरला येतात आणि वजीफा, म्हणजे पायाच्या भरपाईचे पैसे, देऊन जातात. काका घरी बसून कंटाळले होते. पण काम धरलं आणि वजीफा बंद झाला तर?

"मुनीमजींनाच विचारा की," आई म्हणायची.

"वैनी, इचारलं म्हंजे सापडलो! म्हनतील, अंगात ताकद हाय तर वजीफा कशाला?"

तर त्या दुपारी मी काकूकडे विरजण आणायला गेले. चैत्राचं ऊन. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. दाराला बाहेरून कडी. काकू शेतात, आणि काका या वेळी टेशनावर गप्पा मारायला जातात, असं काकूच सगळ्यांना सांगायची. घरचंच घर, म्हणून कडी काढून आत गेले.

आतल्या अंधाऱ्या खोलीतून आवाज आला. घर्रर्र… घर्रर्र…

जातं! भर दुपारी! आणि ओवी नाही!

तुम्हीच सांगा, कोणती बाई मुकाट्यानं दळते? जात्याचा खुंटा हातात आला की गळा आपोआप सुरू होतो. भावाची आठवण, सासूला टोमणा, काहीतरी येतंच. हे जातं मुकं फिरत होतं. मध्येच थांबायचं. कुणीतरी लांब श्वास सोडायचं. पुन्हा घर्रर्र…

खाली पाहिलं. सारवलेल्या जमिनीवर पांढरी पावलं, खोलीपासून माठापर्यंत आणि परत. सगळी डाव्या पायाची.

आता तुम्ही म्हणाल, "अगं, एका पायाचा माणूस घरातलाच की!" तुम्हाला हे सावलीत बसून सुचतंय.

मी मागं मागं सरकत अंगणात आले आणि कुणावर तरी आदळले. मुनीमजी!

"पोरी, महादू कुठं हाय? आज दुपारच्याच गाडीनं आलो."

मी चक्क त्यांचा हात धरला. "आत भूत हाय! दळून राह्यलं!"

"भूत? बिलकुल न्हाई! भूत दळतं का कुठं?" म्हणत ते रुबाबात आत शिरले. मग पावलं दिसली. रुबाब तिथंच राहिला.

"क… कोन हाय?"

जातं थांबलं. दार हळूच उघडलं. डोक्यापासून पांढरं, डोळे तेवढे काळे, एका पायावर उभं!

मुनीमजी ओरडलेसुद्धा नाहीत. जोडा टाकून पळाले. आणि ते पांढरं लंगडी घालत त्यांच्या मागं!

"मुनीमजी, थांबा! वजीफा बंद करू नगा!"

भूत वजीफा मागेल का? तेव्हा कुठं मी काकांना ओळखलं! बायकांचं काम म्हणून लाज, त्यात वजीफ्याची धास्ती. म्हणून काकूनं गल्लीतून आणलेली दळणं काका दाराला कडी घालायला लावून दळत होते. आणि मी मुनीमजींना नेमकं तिथंच धाडलं!

मुनीमजी पाणी पिऊन ओट्यावर टेकले. काका मान खाली घालून उभे. मी खांबाआड.

"महादू, वजीफा पायाचा हाय. पाय आला का वापस?"

"न्हाई जी."

"मंग घरी खुशाल दळ की! आन कारखान्यात कापसाच्या काट्यावर मानूस पायजे. बसून काम हाय. महिनाभर करून पाहा. जमलं तर पगार घे, वजीफा बंद. न्हाई जमलं तर वजीफा परत चालू."

"हे… इचारलं तर चालतं?"

"आधीच इचारलं असतंस तर आज माझा जीव कशाला गेल्ता!"

सोमवारी काका सकाळच्या गाडीनं जालन्याला गेले. काकूनं त्यांना दह्याची कवडी दिली, डोळे पुसले आणि मग माझ्याकडे वळली. खोलीत अर्ध्या गल्लीची जोंधळ्याची दळणं पडून होती.

"आमचं भूत तूच नोकरीला लावलंस न्हवं? मंग बस आता त्याच्या जागी!"

दोन्ही तळहातांना फोड आलेत. हे हाताला चिंधी गुंडाळून लिहिते आहे.