लिंबावर अडलेली गाडी

चैत्रातल्या दुपारी बंद पडलेल्या नव्या गाडीला एक वास असतो. तापलेल्या सीटचा, कोमेजत्या मोगऱ्याचा, आणि शेजारी बसलेल्या माणसाने गिळलेल्या शब्दांचा. पोखर्णीला नृसिंहाच्या देवळासमोर तो मी पोटभर घेतला. शेजारी माझी बायको सुनंदा होती.

विजेवरच्या गाडीचा हट्ट माझाच. मी भूगोलाचा शिक्षक. धूर, पृथ्वी, पुढच्या पिढ्या यांवर घरात इतके बोललो की तिने कंटाळून होकार दिला. तिचे मागणे ते केवढे? दर रविवारी पूर्णेला आईकडे जाता यावे! म्हातारीचा हात मोडलेला. लेक गेल्याशिवाय केसांना तेल लागत नाही. पण या गाडीच्या पोटातली मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असली, तरी तिला जागे करणारी विटेएवढी छोटी बॅटरी वारंवार मान टाकते. पेडगावच्या लग्नात तिने वरातच अडवली. नवी बसवली, तीही महिनाभरात गेली. दर वेळी मी आधी सगळ्यांची माफी मागतो, मग बॉनेट उघडतो. संसाराचेही असेच नसते का? मायेचा साठा तुडुंब, आणि अडते ते एका साध्या "चहा घेतेस का?"वर!

"पूजा केली न्हाई म्हणून रुसलीय," सुनंदा म्हणाली होती. "तेवढं करून बघा. तरी बंद पडली तर पुढच्या रविवारपासून मी एस.टी.नं जाईन. एकटी." त्या 'एकटी'पुढे माझे सारे विज्ञान गळाले. वाटेत ती गुणगुणते, मधेच शेतांना नावे ठेवते. ते रविवार मी कसे सोडू?

पूजा झाली, चाकांखाली लिंबे ठेवली, नारळ फुटला, आणि गाडीने डोळे मिटले. लिंबे चिरडल्याशिवाय पूजा पुरी होत नाही, आणि ही बया निजली की चाकेही जखडते. ढकलायचीही सोय नाही! माणसे जमली. "गाडी लिंबावरून जाईना तर लिंबंच गाडीवरून टाका की, सर," एकजण म्हणाला. मी त्याचीही माफी मागितली. शेवटी एका ट्रॅक्टरच्या बॅटरीला तारा जोडून तिला उठवले. लिंबे फुटली. आता तिला बंद करायचे नव्हते, आणि चालकाची सीटही रिकामी ठेवायची नव्हती. ती रिकामी दिसली की गाडी आपणहून निजते.

पूर्णेला सासूबाईंच्या दारात मी राखणीला बसणार, तोच सुनंदा म्हणाली, "उतरा तुमी. गल्लीत कुणाची तरी माफी मागायला जाताल अन् ही पुन्हा मरल. मी बसते. तुमी आईला तेल लावा जा."

जावयाने सासूच्या डोक्याला तेल लावायचे? सासूबाई ओसरीवर पदर ओढून अंग चोरून बसल्या. "कायतरीच! गल्ली काय म्हनल?" मी वाटीत बोटे बुडवली. पण त्या विरळ, कापसासारख्या केसांत कोमट तेल मुरत गेले, तशी त्यांची मान सैल झाली.

"चुकतंय का माझं?" मी सवयीने विचारले.

"न्हाई हो, जावईबापू," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "लेक लय घाई करती. वाटीत उरलंय तेबी घाला."

बाहेर हॉर्न वाजला. गाडीची काच उघडी होती. सुनंदाने सगळे ऐकले होते.

निघताना ती शेजारच्या सीटवर सरकली. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी तुमाला यावंच लागंल. ती आता माझ्या हातानं लावून घ्यायची न्हाई."

कशाने जायचे, हे विचारायचे मला सुचलेच नाही.