मे महिन्यात गाडीखाली साचलेलं पाणी

माझं डोकं लवकर तापतं. शाळेत पोरं वळवता वळवता आवाज चढला, तो निम्मी नोकरी झाली तरी खाली यायलाच तयार नाही. त्या उन्हाळ्यात परभणीच्या दोन गॅरेजवाल्यांशी मी भर रस्त्यात भांडले, आणि तिसऱ्यापुढं गुमान मान खाली घातली. त्या तिसऱ्याबद्दल मला सांगायचंय.

आधी घरचं सांगते. आमचे हे उसाच्या ट्रॉलीवरून पडले आणि मानेच्या मणक्याला मार बसला. पाय गेले, हाताची बोटंही लुळी पडली. दीड वर्षानं उजव्या हाताचं पहिलं बोट जरासं हललं, तेव्हा डॉक्टर म्हणाले की आता फिजिओथेरपीत खंड पडू देऊ नका, पडला तर बोटं आखडतील. गंगाखेडहून परभणी, आठवड्यातून तीनदा, आणि वेळ मिळाली ती दुपारी दोनची. वर आणखी एक अडचण अशी, की या दुखण्यात माणसाला मानेखाली घामच येत नाही. आपण घामेजतो म्हणून उन्हात तग धरतो. ह्यांचं अंग नुसतं तापत जातं, मग डोळे जड होतात, बोलणं अडखळतं. त्यामुळं गाडीतला एसी ही आमची चैन नव्हती. एसी चालला तर बोटं सुधारणार, नाही तर सगळा उन्हाळा घरात आणि केलेल्या कष्टावर पाणी.

गाडी पंधरा वर्षांची, आमच्याकडं आली तीच जुनी होऊन. गंगाखेडहून निघालं की झकास गार हवा यायची. दैठणा येईस्तोवर ती मंदावायची, आणि पोखर्णीच्या पुढं जाळीतून नुसती फुंकर, तीही कोमट. पंखा घों घों ओरडतोय आणि हवेचा पत्ता नाही. गंमत अशी, की ह्यांना उतरवून तासाभरानं गाडी गॅरेजवर नेली की तोच एसी हुडहुडी भरवायचा! पहिला म्हणाला, गॅस संपलाय. भरला. आठ दिवसांनी दुसरा म्हणाला, गॅस कमी भरलाय. त्यानं आणखी भरला. आजार म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला. गाडीचं दुखणं होतं तिथंच होतं.

मग एका दुपारी पोखर्णीच्या पुढं हे असंबद्ध बोलायला लागले. मला हाक मारायची तर आईला हाक मारायला लागले. मी गाडी लिंबाखाली घेतली, होतं नव्हतं ते पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं आणि तिथूनच घरी फिरले. घरी आल्यावर जरा हुशारी आली तसं मला म्हणाले, "जाऊ दे आता. एका बोटासाठी किती जीव काढशील?" मी त्यांच्यावर ओरडले. ओरडले, कारण मला भीती वाटली होती.

शाळेतल्या एका बाईंनी गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या एका चाचांचं नाव सुचवलं. परभणीत स्टेशनच्या अलीकडं एक पत्र्याचं शेड, धड पाटीसुद्धा नाही. चाचा तरुणपणी बर्फाच्या कारखान्यात मशीनवर होते, मग गाड्यांच्या एसीकडं वळले. पुढच्या खेपेला ह्यांना व्यायामाला सोडलं आणि तडक तिथं गेले. गेल्या गेल्या तोंडाचा पट्टा सोडला, की तुम्ही सगळे लुटारू आहात आणि गॅस भरायचा असेल तर मी ही चालले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "बाई, गॅस काय डिझेल हाय का जळून संपायला? तो आतल्या आत फिरत ऱ्हातो. कमी झाला तर गळायलाय, आन् गळत नसंल तर भरायचा कशाला?"

गॅसचा दाब मोजायची घड्याळं लावून पाहिलं तर गॅस उलट जास्तच निघाला. तो त्यांनी बेतानं कमी केला आणि समोर स्टूल घेऊन बसले. डॉक्टर नाडी धरून विचारतात तसं एकेक विचारायला लागले. किती वेळानं हवा कमी होते? पंख्याचा आवाज तेवढाच राहतो का? गाडी थोडा वेळ बंद ठेवली तर एसी पुन्हा चालतो का? चालतो म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि खाली वाकले. गाडीखाली पाणी साचलं होतं, थोडंथोडकं नाही, चांगलं ओघळ फुटलेलं. त्यांनी बोट बुडवून पाहिलं.

"एसीचंच हाय, रेडिएटरचं न्हाई. पण बाई, एसीचं पाणी हवेतनंच निघतंय, आन् ह्या कोरड्या हवेत लोकांचे ओठ फुटायलेत. एवढं पाणी तुमच्या गाडीला गावलं कुठून?"

ते पाणी मी रोज बघत होते. आधीच्या दोघांनीही पाहिलं असणार. एसीतून पाणी पडतंच, त्यात काय, असं म्हणून आम्ही सगळे त्यावरून चालत गेलो. हा एकटा माणूस त्याच्यापाशी थांबला.

गाडी ठेवून जा, असं ते म्हणाले नाहीत. बुधवारी सकाळच्या रेल्वेनं ते स्वतःच गंगाखेडला आले. हातात थर्मास होता. मागच्या सीटवर बसले आणि म्हणाले, रोज निघता तशा निघा, मी गाडीत हाय हे इसरून जा.

मी रोजच्यासारखी तयारी केली. दोन पंचे ओले करून पिळले आणि दोन्ही खिडक्यांना टांगले, तिसरा ह्यांच्या छातीवर टाकला. मग काचा दोन बोटं खाली घेतल्या. आमचा जन्म गेला कूलरपुढं. पाणी असेल तर गारवा, आणि खिडकी उघडी नसेल तर खोलीत नुसती चिकचिक, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. एसीला कूलरची जोड दिली म्हणून मी स्वतःवर लय खूश होते.

दैठण्याला हवा मंदावली. पोखर्णी आली तसं चाचांनी थांबायला सांगितलं. आधी त्यांनी थर्मासमधला बर्फ रुमालात गुंडाळून ह्यांच्या मानेला लावून दिला, त्यासाठीच आणला होता तो. मग पुढचा कप्पा काढून आत बॅटरी मारली आणि मला बघायला लावलं. हवा गार करणारी आतली जाळी बर्फानं पांढरीफटक पडली होती. हवा जायला बोटभर फट राहिली नव्हती.

"कारखान्यात एवढा बर्फ धरायला आमाला लय वेळ लागायचा," चाचा म्हणाले. "गार झालं की मशीनला थांब म्हणणारा सेन्सर म्हातारा झालाय, तो मी बदलतो. ती अर्धी चूक गाडीची." उरलेली अर्धी कुणाची, ते त्यांनी सांगितलंच नाही. खिडकीचे पंचे काढले, नीट घडी घातली, काचा वर केल्या, बाहेरची हवा घ्यायचं बटण फिरवून आतली हवा आतच फिरेल असं केलं, आणि बर्फ वितळायची वाट बघत बसले.

मला कुणी मुस्काटात मारल्यासारखं झालं. पंच्यांची ओल त्या जाळीवर जाऊन गोठत होती; ती ओल आणि बाहेरची गरम हवा, दोन्ही मीच आत घालत होते आणि भांडत होते जगाशी. आपलेच दात, आपलेच ओठ. मला रडू यायला लागलं तसे हेच म्हणाले, की पंच्यानं त्यांना गुदमरायचं. मग बोलला का नाहीत, असं मी खेकसले. "तू एवढ्या मायेनं पिळून लावायचीस," हे म्हणाले.

चाचा बाहेर बघत होते. तिकडंच बघत म्हणाले, बाईंचं डोकं बराबर चाललं होतं, फकत कूलरच्या हिशोबानं. चुकलेल्या माणसाला इतकं सांभाळून घेणं मला आयुष्यात जमलं नाही. फळ्यापाशी चुकलेल्या पोराला मी आधी झापते. हे उत्तर त्याला कसं सुचलं असेल, असं मी कधी थांबून विचारलं नव्हतं. चाचांनी पाण्यालासुद्धा विचारलं, की बाबा, तू आलास कुठून. त्या माणसाचं मला आजही कौतुक वाटतं आणि थोडा हेवाही वाटतो.

सेन्सर त्याच दुपारी बसला, ह्यांचा व्यायाम चालू असतानाच. त्या दोन गॅरेजवाल्यांची मात्र मी माफी मागितली नाही. न गळणाऱ्या गाडीत गॅस भरणं ही चूक त्यांचीच होती.

त्यानंतर एकही खेप चुकली नाही. मिरगाच्या तोंडावर एकदा परभणीहून परत येत होतो. ऊन माझ्याच बाजूनं येत होतं. एसीच्या साऱ्या जाळ्या मी ह्यांच्याकडं वळवलेल्या, आणि माझ्या कपाळावरून धारा लागलेल्या. ह्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. बोट मधल्या जाळीच्या पट्टीत अडकलं, निसटलं, परत अडकलं, परत निसटलं. मी समोर बघत गाडी चालवत राहिले. तिसऱ्यांदा ती जाळी करकरत माझ्याकडं वळली आणि गार हवा तोंडावर आली.

"तुला घाम आलाय," हे म्हणाले.