कॉफीआधीचे बारा दिनार

आमच्या खालच्या मजल्यावरचा अबू लैथ म्हणजे सल्त गावातला जुना, भरवशाचा वायरमन. नव्या घराचं वायरिंग तो दर पॉइंटच्या ठरलेल्या भावाने घेई, तिथे दोन पैसे सुटत. पण दुरुस्तीचा भाव त्याला कधी सांगताच आला नाही. चढावरच्या घरापर्यंत गाडी न्यायची, तासभर बिघाड शोधायचा आणि शेवटी एक सैल तार आवळायची. मग त्याचं त्यालाच वाटे, दोन मिनिटांच्या कामाचं काय मागायचं? त्यात लोक आधी कॉफी पाजत. कॉफी घेतली की माणूस पाहुणा झाला. मग "राहू द्या हो" म्हणत तो रिकाम्या हातांनी घरी येई.

शेवटी त्याची बायको रुदैना म्हणाली, "हा एक महिना बघते. गाडीचं पेट्रोलसुद्धा सुटणार नसेल तर दुकानाला कुलूप लावा आणि माझ्या भावाकडे पगारावर जा."

मेव्हण्याच्या हाताखाली! अबू लैथने घाईने विचारलं, "अगं, मग करू तरी काय?"

"येण्याचे आणि बिघाड शोधण्याचे बारा दिनार, सामान वेगळं. आधी भाव बोला. तोवर कॉफीला तोंड लावायचं नाही."

दुसऱ्या दिवशी हाजी मितअबच्या पाण्याची मोटर बंद पडली. हाजींनी कॉफी दिली. अबू लैथने कप तसाच खाली ठेवला.

बैठकीतल्या सगळ्यांच्या नजरा कपाकडे वळल्या. आमच्याकडे मोठं मागणं, बहुतेक वेळा मुलीला मागणी, घेऊन आलेला माणूसच असा कप ठेवतो, आणि यजमान मागणं न ऐकताच शब्द देतो. हाजींनी डोक्यावरचा रुमाल नीट केला.

"घे कॉफी, अबू लैथ. दिलं तुला."

"न ऐकताच?"

"दिलं म्हटलं ना!"

त्याने गोंधळून एका घोटात कॉफी संपवली.

"तुझा लैथ काय करतो हल्ली?" हाजींनी विचारलं. "आमची शिफा अजून शिकतेय, पण मुलगा चांगला आहे."

मोटरीत शिफा कुठून आली, हे अबू लैथला कळेना. तो घाईने म्हणाला, "हाजी, बारा दिनार. सामान वेगळं."

"माझ्या लेकीचे बारा दिनार?"

"मोटरीचे!"

पडद्यामागे कुणीतरी फिस्सकन हसलं. हाजी लालबुंद झाले. "शब्द दिला तो दिला," एवढंच म्हणाले. काम झाल्यावर बारा आणि सामानाचे चार त्यांनी मोजून दिले.

घरी आल्यावर अबू लैथने नोटा बायकोपुढे ठेवल्या. "हे कामाचे दिले, की मुलगी वाचली म्हणून, तेच समजेना. उद्याच्या घरी तर तीन मुली आहेत."

"उद्या निघण्याआधी फोनवरच सांगा."

सकाळी त्याने डोळे मिटून सांगितलं, "बारा दिनार. सामान वेगळं."

"बरं. लवकर या," पलीकडची बाई म्हणाली.

फोन बंद झाला तरी त्याने तो कानालाच धरलेला.

"इतकंच?" त्याने रुदैनाला विचारलं. "वीस वर्षं इतकंच होतं?"

तिने देवाचं नाव घेतलं आणि गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली.